गॉर्डन हॉल यांचे मुंबईतले बिऱ्हाड

मराठी मुद्रणाचा किंवा मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा इतिहास वाचताना अमेरिकन मिशनचे नाव वारंवार भेटते. छापखाना कोणी घातला, शाळा केव्हा निघाली, पुस्तक कोणत्या साली छापले, याच्या नोंदी आपण परीक्षेपुरत्या पाठही करतो. पण त्या नावामागची माणसे कोण होती, परक्या मुलखात ती कशी राहत होती आणि त्या राहण्याची किंमत त्यांनी काय मोजली, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपल्याला संस्था दिसते, घर दिसत नाही. म्हणून या मिशनच्या आरंभीच्या पिढीतील प्रमुख पुरुष, रेव्हरंड गॉर्डन हॉल, यांचे चरित्र त्यांच्या बिऱ्हाडाच्या अंगाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या गावी झाला. घरचा व्यवसाय शेतीचा. १८०८ साली त्यांनी विल्यम्स कॉलेजातून पदवी घेतली. तेथे आणि पुढे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात परदेशी जाऊन धर्मप्रसार करावा, या विचाराने भारलेल्या तरुणांचा एक गट होता. हॉल त्यात सामील झाले. मायदेशीच एका मंडळीचे पाळकपद त्यांच्यापुढे चालून आले होते. सुखाचे घर, मान आणि नियमित वेतन त्यात होते. ते त्यांनी नाकारले. निघण्यापूर्वीचा हिवाळा त्यांनी सॅम्युएल न्यूवेल या मित्राबरोबर फिलाडेल्फियात वैद्यक शिकण्यात घालवला. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये हॉल, न्यूवेल, जडसन, नॉट आणि राइस या पाच तरुणांना दीक्षा मिळाली, आणि त्याच महिन्यात दोन जहाजांतून ही मंडळी हिंदुस्थानाकडे निघाली.

कलकत्त्याला पोहोचताच त्यांना कंपनी सरकारचे खरे रूप दिसले. व्यापारासाठी राज्य मिळवलेल्या कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या प्रश्नावरून रयत बिथरेल, अशी धास्ती होती. त्यातच १८१२ च्या जून महिन्यात इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले आणि हे पाहुणे शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. हॉल आणि नॉट दांपत्य यांनी मुंबईचे जहाज गाठले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले. न्यूवेल यांच्या वाट्याला याहून वाईट आले. त्यांची पत्नी हॅरिएट अवघ्या एकोणीस वर्षांची होती. आधी नवजात मूल गेले आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर तीही गेली. ज्या देशासाठी घर सोडले, त्या देशात तिचे बिऱ्हाड लागलेच नाही.

मुंबईतही हुकूम तोच होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने सहानुभूती बाळगणारे होते, पण वरच्या आज्ञेपुढे त्यांचाही इलाज नव्हता. या तिघांना इंग्लंडला रवाना करण्याचे ठरले. हॉल आणि नॉट गुपचूप एका गलबताने कोचीनपर्यंत निसटले. तेथून त्यांना पकडून परत आणले गेले. शेवटी हॉल यांनी गव्हर्नरांना सविस्तर अर्ज लिहून विवेकाच्या आधारावर न्याय मागितला. त्याच सुमारास विलायतेत कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना दार किलकिले केले होते. १८१४ च्या आरंभी राहण्याची परवानगी मिळाली. म्हणजे मुंबईत पाय ठेवल्यापासून जवळजवळ एक वर्ष ही माणसे बांधलेल्या गाठोड्यांनिशीच राहत होती. उद्या येथे असू की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी मराठीचा अभ्यास मात्र सोडला नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. (पुढे १८७७ मध्ये कॅनडातील मिशनरी इंदूरला आले, तेव्हा होळकरांच्या राज्यात त्यांनाही परवानगीच्या प्रश्नाशी झगडावे लागले. त्यांनी १८८७ मध्ये काढलेले ख्रिश्चन कॉलेज त्या शहराच्या शिक्षणेतिहासाचा भाग झाले.)

परवानगी मिळाली, पण घर उभे राहीना. नॉट यांची प्रकृती ढासळली आणि १८१५ मध्ये ते पत्नीसह परतले. न्यूवेल सिलोनवरून १८१४ मध्ये येऊन मिळाले होते. एक अविवाहित आणि एक विधुर, अशा दोघांवर मिशनचा भार आला. बोस्टनहून येणारे पत्र आणि पैसा आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी पोहोचे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत बहुधा प्रश्नच बदललेला असे.

१९ डिसेंबर १८१६ रोजी हॉल यांनी मार्गारेट लुईस या मुंबईत राहणाऱ्या इंग्लिश युवतीशी विवाह केला. आता खऱ्या अर्थाने बिऱ्हाड झाले. त्याचा दिवस कसा जात असेल, हे मिशनच्या कामावरून ताडता येते. सकाळी मराठीचा अभ्यास आणि भाषांतर. मग शाळांची देखरेख. ऊन उतरल्यावर बाजारात, रस्त्यावर, देवळांच्या आवारात लोकांशी बोलणे. घरात इंग्रजी, दाराबाहेर मराठी. शिकवणारा ब्राह्मण शिक्षक विद्या देई, पण सोवळे राखून. आणि शिकणारा त्याच शिक्षकाच्या धर्माविरुद्ध बोलायला बाहेर पडे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. अशा व्यवहारात मैत्री किती आणि अंतर किती, हे मोजणे कठीण. पण काम चाले, हे खरे.

भाषांतर म्हणजे केवळ शब्दाला शब्द ठेवणे नव्हे, हे आमच्या भाषाविषयाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पाप हा शब्द घेतला की त्यामागून पुण्य, कर्म आणि पुनर्जन्म ही सारी मंडळी न बोलावता येतात. देव म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या कुलस्वामीची मूर्ती उभी राहते. जुन्या शब्दांना नवा अर्थ द्यावा, की बाप्तिस्म्यासारखा परका शब्द तसाच आणावा, हा पेच पानोपानी होता. मराठीत विचार करायला शिकल्याखेरीज त्यातून वाट निघणे शक्य नव्हते. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खटपट वर्षानुवर्षे केली आणि मराठी नवा करार १८२६ साली पुरा छापून निघाला.

छापण्याची सोय १८१६ च्या अखेरीस होरेशिओ बार्डवेल आल्यावर झाली. कलकत्त्याहून यंत्र आणि टाइप आणले आणि १८१७ च्या मार्चमध्ये आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका छापली गेली. मराठी मजकूर त्यापूर्वी छापलाच गेला नव्हता, असे मात्र नाही. श्रीरामपुरास विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते. तंजावरास सरफोजी राजांनी छापखाना काढला होता. आणि आपल्या शेजारच्या मिरजेत पटवर्धनांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापवून घेतली होती. परंतु मुंबईत मराठी छपाईचा धंदा म्हणून पाया पडला, तो या मिशनच्या छापखान्यात. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांनाही ही कहाणी ओळखीची वाटेल. बळ्ळारीस जॉन हँड्स, बेळगावास १८२० पासून जोसेफ टेलर, आणि पुढे कानडी शब्दकोशाचे कर्ते किटेल, हे सारे त्याच वाटेचे प्रवासी. धर्म सांगायला आले आणि भाषा शिकण्यात आयुष्य वेचून बसले.

१८१५ पासून मिशनने शाळा काढल्या. त्यांपैकी कित्येक शाळांवर बेने इस्रायल समाजातील शिक्षक होते. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. मुलींनी अक्षर गिरवले तर घरावर अरिष्ट येईल, असे मानणाऱ्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

एवढे श्रम करून मूळ हेतूच्या बाबतीत हाती काय आले? हॉल आणि न्यूवेल यांनी सगळ्या जगाच्या धर्मांतराविषयी एक पुस्तिका लिहिली होती. ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली आणि तिच्यात साठ कोटी लोकांचा हिशेब मांडलेला होता. इकडे मुंबईत हॉल यांच्या हयातीत धर्मांतर करणारे बोटांवर मोजावेत इतकेच निघाले. लोक ऐकत, वाद घालीत, हसत, क्वचित रागावत आणि आपापल्या घरी जात. शाळेत मात्र मुले पाठवीत. त्यांना अक्षर हवे होते, धर्म नको होता. एखाद्या दुबळ्या मनाच्या माणसाने अशा वेळी गाशा गुंडाळला असता.

त्यात मृत्यूने घराला वेढा घातला. १८१८ मध्ये पटकीची साथ मुंबईत आली. ३० मे १८२१ रोजी न्यूवेल पटकीने गेले. १८२४ च्या डिसेंबरात ठाण्याचे काम पाहणारे जॉन निकोल्स गेले. नवे आलेले एडमंड फ्रॉस्ट १८२५ च्या ऑक्टोबरात गेले. हॉल यांच्या घरातही दुखणे होतेच. मुलांची प्रकृती या हवेत टिकेना. अखेर १८२५ च्या मध्यास मार्गारेटबाई दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. तुम्हीही सोबत जा, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. हॉल गेले नाहीत. माणसे इतकी उरली नव्हती की एक गेला तरी चालेल, असा त्यांचा विचार होता. आईबरोबर निघालेला थोरला मुलगा समुद्रावरच मरण पावला.

येथे वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो आणि तो दडपण्याचे कारण नाही. आजारी मुलाला दूर पाठवून जो बाप कामावर राहतो, त्याला काय म्हणावे? त्याच्या निष्ठेला वंदन करावे, की त्या जहाजावर एकट्या पडलेल्या आईची बाजू घ्यावी? थोर पुरुषांच्या चरित्रांत अशी बाजू बहुधा एका ओळीत आटोपते. हॉल यांनी आपला निर्णय स्वतः घेतला होता. त्या मुलांनी तो घेतला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीच्या तेजाने दुसरी पुसली जाऊ नये.

१८२६ च्या मार्चमध्ये हॉल मिशनच्या शाळेतील दोन मुलांना सोबत घेऊन नाशिककडे प्रवासाला निघाले. नाशकात पटकीने कहर मांडला होता. तरुणपणी फिलाडेल्फियात शिकलेले वैद्यक तेथे उपयोगी पडले. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली. शिल्लक फारच थोडी राहिली. परतीच्या वाटेवर १९ मार्चच्या रात्री ते एका खेड्यात देवळाच्या आश्रयाने थांबले. ज्या देवळांच्या आवारात उभे राहून त्यांनी मूर्तिपूजेविरुद्ध तेरा वर्षे वाद घातला, त्यांपैकीच एकाने त्यांना शेवटची जागा दिली. पहाटे निघायच्या वेळी पटकीने त्यांना गाठले. उरलेले औषध घेतले, ते पोटात ठरले नाही. २० मार्चच्या दुपारी त्यांचे निधन झाले. बेचाळीस वर्षे पुरी व्हायला एकोणीस दिवस कमी होते. बरोबरच्या त्या दोन मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून, पेटीवाचून, तेथेच मातीआड केले. पत्नी हजारो मैल दूर होती. धाकटा मुलगा, त्याचेही नाव गॉर्डन, पुढे अमेरिकेत मोठा होऊन धर्मोपदेशक झाला.

हॉल गेले, पण काम मोडले नाही. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यावरून स्फूर्ती घेऊन गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले. त्याच मिशनच्या छापखान्यात धडे गिरवून जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर उभारला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या प्रती घरोघर पोहोचवल्या. ज्या ओलीवर हॉल यांना शुभवर्तमान पिकवायचे होते, त्याच ओलीवर पंचांग पिकले, पोथी पिकली आणि स्त्रीशिक्षणही पिकले.

याला त्यांचे अपयश म्हणावे की यश, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे मात्र निश्चित की मराठी समाज या व्यवहारात केवळ घेणारा नव्हता. काय घ्यायचे आणि काय नाही, हे त्याने स्वतः निवडले. आणि जे निवडले, त्याची किंमत आपण भरली नाही. मॉरिशसच्या मातीत एक, मुंबईत तीन, अथांग समुद्रात दोन आणि नाशिकच्या वाटेवर एक, अशी ती किंमत त्या परक्या बिऱ्हाडांनी भरली. आपले वार्षिक हाती घेताना, त्यातील छापील मराठी ओळीमागे हाही एक हिशेब आहे, याची आठवण आपण ठेवावी.