आरशांत प्रकाश कोंडणारे फाब्री

आरशांच्या खोलीत दिवा मालवला तर प्रकाश आत अडकून राहील? नाही! ३ मीटरच्या खोलीत तो सेकंदाला १० कोटी वेळा आरशांवर आदळतो आणि दर धडकेत थोडा शोषला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास.

१८६७ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेलला जन्मलेल्या शार्ल फाब्री यांनी हा क्षणभराचा मुक्कामच कामाला लावला. आल्फ्रेड पेरो यांच्यासोबत त्यांनी चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या दोन काचा समांतर ठेवल्या. आत येरझाऱ्या घालून ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर येई. तरंगलांबी मोजायला याहून नेमकं साधन तेव्हा क्वचितच होतं. १९१३ मध्ये आँरी ब्युइसाँसह लावलेल्या ओझोन थराच्या शोधाने त्यांचं नाव झालं, पण खरी कमाल या काचांचीच. १९४५ मध्ये ते गेले. हिंगोलीत होणाऱ्या 'लायगो'मध्ये असेच आरसे ४ किमी अंतरावर असतील.