लाल मातीतला पैलवान गादीवर जिंकला : खाशाबा जाधव

आसेगाव (ता. मंगरुळपीर) : यात्रेत कुस्त्यांची दंगल ठरली की हौद्यात लाल माती टाकतात. आपली काळी जमीन त्या कामाची नाही. वाळली की ढेकूळ, भिजली की पायाला चिकटते. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. अशाच मातीत सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव तयार झाले. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला जायची संधी आली. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हातभार लावला. तिथं कुस्ती होती गादीवर, म्हणजे मॅटवर. खाशाबांना तिची सवयच नव्हती. तरी सहावा नंबर आला.

माती अन् गादी यात फरक किती, हे ज्याने दोन्हीवर अंग टाकलं त्यालाच कळतं. मातीत पाय रुततो, घाम आला तरी माती चोळून पकड बसते. चितपट होईपर्यंत कुस्ती चालते, म्हणून तिथं ताकद अन् दम मोठा. गादीवर पाय लवकर सुटतो, घामाने हात निसटतो, अन् वेळ संपली की पंचांचा कौल. तिथं चपळाई लागते. मैदान बदललं की खेळच बदलतो. हॉकीत तेच झालं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला गवत जाऊन कृत्रिम टर्फ आलं अन् गवतावर सुवर्ण आणणारा भारत सातवा राहिला.

लंडनला रीस गार्डनर या प्रशिक्षकाने खाशाबांना गादीचे डाव दाखवले होते. गावी परतल्यावर सराव पुन्हा मातीतच, पण डोक्यात गादी. चार वर्षं त्यांनी चपळाईवर मेहनत घेतली.

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसा नाही. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आज सात हजारांत साधा मोबाईल येतो, तेव्हा त्यात घर अडकलं होतं.

हेलसिंकीत ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको अन् जर्मनीचे पैलवान हरवले. जपानच्या इशीने मात्र त्यांना हरवलं, तोच पुढे सुवर्ण घेऊन गेला. त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर पुरती विश्रांती न देताच रशियाच्या पैलवानासमोर उभं केलं, अन् तक्रार करायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असं सांगतात. ती कुस्तीही गेली. कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

कऱ्हाडकडे परतताना शंभरावर बैलगाड्या स्वागताला निघाल्या. खाशाबांनी मग कुस्त्या लावून पैसे जमवले अन् खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चं मेलबर्न हुकलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल कुस्त्या झाल्या त्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. महाराष्ट्र केसरीत आजही माती अन् गादी असे दोन विभाग खेळतात, अन् दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात.