एलिझाबेथ कॉटन : उलट्या धरलेल्या गिटारची गाणी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, चॅपल हिलजवळच्या कारबरो गावी १८९३ मध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या या मुलीला शाळेत जाईपर्यंत धड नावही नव्हते. घरचे तिला धाकटी म्हणूनच हाक मारीत. शाळेत पहिल्या दिवशी नाव विचारले गेले, तेव्हा तिने स्वतःच एलिझाबेथ असे सांगून टाकले.

भाऊ घरी नसताना त्याचे बॅन्जो ती गुपचूप वाजवी. ती डावखुरी, वाद्य उजव्या हाताचे आणि तेही दुसऱ्याचे, म्हणून तारा न बदलता तिने ते उलटेच धरले. पुढे भाऊ बॅन्जो घेऊन घराबाहेर पडला. मग लोकांकडे घरकाम करून तिने ३.७५ डॉलरची गिटार घेतली आणि तीही उलटीच धरली. एरवी वादकाचा अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो आणि बोटे चाल वाजवतात. इथे अंगठ्याकडे चाल आली, बोटांकडे खर्ज. त्यांच्या वादनातला मऊ, न अडखळणारा ठेका या अदलाबदलीतून आला. अनेकांनी तो उचलला. पण सूर हाती लागले तरी त्याचे वजन सहसा निसटतेच. घराजवळून रेल्वे जाई. 'फ्रेट ट्रेन' हे मालगाडीचे गाणे तिने रचले, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती.

मग लग्न झाले, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी ऐहिक गाणी सोडण्याचा आग्रह धरला आणि गिटार जवळजवळ चाळीस वर्षे बाजूला पडली.

वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात काम करीत असताना एलिझाबेथ यांनी गर्दीत चुकलेली एक मुलगी तिच्या आईपाशी पोहोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, आणि मुलगी पेगी. या ओळखीतून सीगरांच्या घरी त्यांना कामाची जागा मिळाली. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असे. ती त्यांनी एके दिवशी हाती घेतली. लोकसंगीताचा अभ्यास करणाऱ्या त्या कुटुंबाला आपल्याच स्वयंपाकघरातली कलावती इतक्या उशिरा ऐकू आली, हेही नोंदवण्याजोगे.

पेगीने 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडला नेले. तिथे दोघा जणांनी ते आपल्या नावावर नोंदवले आणि १९५७ मध्ये चास मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या गळ्यातून ते घरोघरी पोहोचले. लोकगीताला धनी नसतो, हा समज अशा वेळी फार सोयीचा ठरतो. इथे तर धनी हयात होती आणि दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करीत होती. सीगर कुटुंबाच्या पाठबळावर दाद मागितली गेली, गाण्याला एलिझाबेथ यांचे नाव जोडले गेले. तरीही अनेक ध्वनिमुद्रिकांवर त्या दोघांचीच नावे छापली जात राहिली.

माइक सीगर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणातून १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. व्यासपीठावर त्या आल्या साठी उलटल्यावर. घरकाम मात्र त्यानंतरही काही वर्षे सुटले नाही. पणतवंडांना झोपवता झोपवता, त्यांच्याकडून एकेक कडवे जोडून घेत त्यांनी 'शेक शुगरी' रचले. १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. २९ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे त्यांचे निधन झाले.