खिळे जुळवणारा चित्रकार

चित्रकार म्हटला की कुंचला, रंग आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील भिंत आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु हॉलंडमध्ये असा एक चित्रकार होऊन गेला, ज्यांचे हत्यार छापखान्याचे यंत्र होते. शाईचा रूळ, जुने लाकडी खिळे आणि साधा कागद हेच त्यांचे भांडवल. त्यांचे नाव हेंड्रिक निकोलास वेर्कमन. १० एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना गोळ्या घालून ठार केले.

वेर्कमन यांचा जन्म २९ एप्रिल १८८२ रोजी ग्रोनिंगन प्रांतातील लेन्स या खेड्यात झाला. वडील गुरांचे डॉक्टर. ते लवकर वारले आणि आई मुलांना घेऊन शहरात आली. १९०८ साली वेर्कमन यांनी स्वतःचा छापखाना काढला. भरभराटीच्या काळात तेथे वीसेक कामगार होते. परंतु व्यवहाराचे गणित त्यांना जमले नाही. १९२३ मध्ये छापखाना बुडाला आणि एका गोदामाच्या पोटमाळ्यावर जुने हातयंत्र घेऊन ते पुन्हा उभे राहिले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

ग्रोनिंगनमध्ये १९१८ साली तरुण चित्रकारांनी एक मंडळ स्थापन केले होते. त्याचे नाव 'डे प्लूख', म्हणजे नांगर. कलेची पडीक जमीन नांगरायची, हा त्यामागचा विचार. यान वीखर्स या त्यांच्या सहकाऱ्याने जर्मन चित्रकार किर्शनर यांच्या सहवासातून अभिव्यक्तिवाद तेथे आणला. डोळ्यांना दिसते त्याची नक्कल न करता मनातील खळबळ रंगांतून मांडायची, ही ती वाट. वेर्कमन या मंडळात होते, पण त्यांनी स्वतःची वाट छापखान्यातच शोधली. यंत्रावर कागद ठेवायचा, शाई लावलेली अक्षरे वा हाताशी येईल ती वस्तू त्यावर मांडायची आणि दाब द्यायचा. एकच कागद असा पुन्हा पुन्हा यंत्राखालून जाई. त्यामुळे प्रत्येक चित्र एकमेव ठरे. १९२३ ते १९२६ या काळात त्यांनी 'द नेक्स्ट कॉल' या नियतकालिकाचे नऊ अंक काढले. मजकूर, जुळवणी, छपाई सारे स्वतःच! पैसा मिळण्याची शक्यता नव्हतीच. पदरमोड करून अंक काढणाऱ्यांना ही जिद्द वेगळी समजावून सांगायला नको.

मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी हॉलंड व्यापले. त्याच वर्षी वेर्कमन आणि त्यांच्या मित्रांनी 'निळी होडी' या नावाने छोट्या पुस्तिका छापायला सुरुवात केली. कागदाची टंचाई होती, पाळत होती. तरीही चाळीस पुस्तिका निघाल्या. जुन्या कविता आणि धर्मवचने यांच्या आडून त्या पारतंत्र्यातील माणसांना धीर देत होत्या. १९४२ पासून हॉलंडमधील ज्यूंना आगगाड्यांत कोंबून मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवले जात होते. एक लाखाहून अधिक माणसे अशी मारली गेली. नेमक्या त्याच काळात वेर्कमन यांनी मार्टिन बुबर यांनी सांगितलेल्या ज्यू संतांच्या कथांवर वीस चित्रे छापली. ज्या समाजाला माणूस म्हणून जगण्याचा हक्क नाकारला होता, त्याचा वारसा त्यांनी सन्मानाने कागदावर उतरवला. स्वतः ज्यू नसताना!

१३ मार्च १९४५ रोजी त्यांना अटक झाली. त्यांची चित्रेही जप्त केली गेली. खटला चालवण्याचे सोंगसुद्धा जुलमी सत्तेने केले नाही. बाकेव्हेन गावाजवळच्या रानात आणखी नऊ कैद्यांसोबत त्यांना मारण्यात आले. त्यानंतर तीनच दिवसांनी कॅनडाच्या फौजा ग्रोनिंगनमध्ये शिरल्या. या लढाईत लागलेल्या आगीत जप्त केलेली कितीतरी चित्रे जळून खाक झाली.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या श्टेडेलिक संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. हयातीत ज्यांची फारशी दखल घेतली गेली नाही, ते आज डच मुद्रणकलेचा मानबिंदू आहेत.

वेर्कमन यांनी बंदूक हाती घेतली नव्हती. त्यांच्याजवळ फक्त खिळे आणि शाई होती. पण हुकूमशाहीला स्वतंत्र छापखान्याचीही भीती वाटते, मग तो पोटमाळ्यावर का असेना. म्हणूनच प्रत्येक लेखक, कलावंत आणि मुद्रकाने स्वतःला विचारले पाहिजे : आपले यंत्र कोणासाठी चालते? वेर्कमन यांनी याचे उत्तर प्राणाचे मोल देऊन दिले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!