सुक्या चिखलात पाणी ओतलं आणि नॉर्वेत नागपूरचा जीव पोहायला लागला

गोष्ट आहे १८८० च्या दशकातली. नॉर्वेच्या राजधानीला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणायचे, आता ओस्लो म्हणतात. तिथे विद्यापीठातला एक प्राध्यापक काचेच्या भांड्यात चिखल कालवत बसायचा. चिखलही साधासुधा नाही. थेट ऑस्ट्रेलियातून आलेला, वाळून ढेकूळ झालेला. त्यावर पाणी ओतायचं, चिखल खाली बसू द्यायचा आणि वाट बघायची. काही दिवस गेले की त्या पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे जीव उड्या मारायला लागायचे.

त्यातलाच एक जीव निघाला नागपूरचा.

आता तुम्ही म्हणाल, चिखल ऑस्ट्रेलियाचा, भांडं नॉर्वेचं, मग मध्येच नागपूर कुठून आलं? तेच सांगतोय. पण त्याआधी हा माणूस कोण होता ते बघू.

त्याचं नाव गेऑर्ग ओसियन सार्स. नाव वाचून मास्क शोधू नका, त्या साथीच्या आजाराशी याचा काही संबंध नाही.

पाद्र्याचं घर आणि समुद्रातले किडे

सार्सचा जन्म २० एप्रिल १८३७ चा, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किन गावातला. वडील मिकाएल सार्स तिथले पाद्री. पण प्रवचनातून वेळ मिळाला की ते समुद्रातले बारीकसारीक प्राणी गोळा करायचे. या नादात त्यांनी एवढं काम केलं की १८५४ साली त्यांना थेट राजधानीच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं.

घरातली बाकीची मंडळीही काही कमी नव्हती. आई मारेन ही योहान वेलहावेन या नामांकित कवीची बहीण. थोरला भाऊ एर्न्स्ट पुढे नॉर्वेचा मोठा इतिहासकार झाला. बहीण एव्हा गायिका. तिने १८८९ साली लग्न केलं फ्रित्यॉफ नान्सेनशी, म्हणजे ध्रुवावरच्या बर्फात जहाज घालणाऱ्या आणि पुढे शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या माणसाशी. या गोतावळ्यात गेऑर्ग तसा गप्प गडी. लग्न केलं नाही. आयुष्यभर सूक्ष्मदर्शक, चिमटा आणि पेन्सिल एवढ्यावरच त्याचा संसार चालला.

विद्यापीठात गेला होता डॉक्टर व्हायला. पण रमला तो आसपासच्या तळ्यांत.

टाचणीएवढा जीव ओळखायचा कसा?

तळ्यात तो शोधत होता कोळंबी आणि खेकड्यांचे चुलत भाऊबंद. गोड्या पाण्यात राहणारे, बहुतेक डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी. ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना यातला डॅफ्निया माहीत असेल, माशांचं खाद्य म्हणून. पिसवेसारख्या उड्या मारत पोहतो म्हणून इंग्रजीत त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. शरीर पारदर्शक. आतलं धडधडणारं हृदय, आतडं, पाठीवरच्या पिशवीतली अंडी, सगळं काचेतून दिसावं तसं दिसतं.

अडचण अशी की वरवर बघितलं तर सगळे डॅफ्निया सारखेच वाटतात. मग फरक शोधायचा कुठे? सार्ससारखे लोक तो बारीक अवयवांत शोधायचे. डोक्याचा आकार कसा आहे, पुढे चोच आलीये का, मिशा किती लांब, शेपटीचा काटा केवढा, पोटाच्या मागच्या टोकाला ज्या नख्या असतात त्यांच्यावर कंगव्यासारखे दात आहेत का. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि काटा न काटा कागदावर उतरवायचा. चित्रं सार्स स्वतःच काढायचा आणि ती इतकी नेमकी असायची की अभ्यासक आजही ती उघडून बघतात.

पंचविशीतच त्याने या जिवांच्या अनेक नव्या जाती जाहीर केल्या. १८६२ ते १८६४ या काळात त्याने नाव दिलेल्या दोन जाती म्हणजे डॅफ्निया कुकुलाटा आणि डॅफ्निया गॅलिआटा. एका नावाचा अर्थ टोपडं घातलेली, दुसऱ्याचा शिरस्त्राण घातलेली. दोन्ही नावं डोक्याच्या आकारावरून.

आणि इथेच खरी गोची होती. डॅफ्नियाचं डोकं भरवशाचं नाही. एकाच तळ्यात, एकाच जातीत, हिवाळ्यात डोकं गोल आणि उन्हाळ्यात टोकदार असं होऊ शकतं. पाण्यात शिकारी असेल तर त्याच्या नुसत्या रासायनिक खुणेनेही काही जातींच्या पिल्लांना लांब शिंग आणि लांब काटे फुटतात. म्हणजे दोन वेगळी डोकी दिसली की दोन वेगळ्या जाती, असं म्हणून चालत नाही. पुढच्या पिढीतल्या काही संशोधकांनी तर सार्सच्या या जाती म्हणजे एकाच बदलत्या जातीची रूपं आहेत असं म्हणून सगळ्या एका पोत्यात भरल्या.

मग सार्स चुकला होता का? थांबा, त्यावर शेवटी येऊ.

मधल्या काळात कॉड मासा

१८६४ साली सरकारने या तरुणाला वेगळंच काम दिलं. लोफोटेन बेटांजवळ दरवर्षी कॉड माशाची प्रचंड मासेमारी चालायची. हजारो कुटुंबांचं पोट त्यावर. पण मासा कधी भरपूर यायचा, कधी हात रिकामे. का, ते शोधायचं होतं.

कॉड आपली अंडी समुद्राच्या तळाशी घालतो, हा तेव्हाचा पक्का समज. सार्सने बघितलं की अंडी तर पृष्ठभागाजवळ तरंगतायत. पुढच्या वर्षी त्याने ती अंडी फलित करून वाढवूनही बघितली. समुद्रातल्या माशांचा शास्त्रीय अभ्यास जिथून सुरू झाला, त्यातला हा एक मोठा टप्पा. त्याच लोफोटेनच्या खोल पाण्यातून त्याने देठावर उभा राहणारा एक प्राणी वर काढला. त्याचे जवळचे नातेवाईक तोवर मुख्यतः जीवाश्मांतच दिसायचे. वडिलांनी त्याचं वर्णन छापलं आणि खोल समुद्रात जीवन नसतं या कल्पनेला मोठा धक्का बसला.

१८६९ साली वडील गेले. १८७४ साली सार्स स्वतः प्राध्यापक झाला. चॅलेंजर या जगप्रसिद्ध समुद्रमोहिमेने गोळा केलेल्या कवचधारींचे काही गट ओळखायला त्याच्याकडेच आले. पण डबक्यातल्या जिवांचा नाद सुटला नाही.

आता येऊ चिखलाकडे

परिस्थिती चांगली असते तेव्हा डॅफ्नियाची मादी नराशिवायच पिल्लं देते, सगळ्या माद्याच. पाणी आटायला लागलं, थंडी वाढली की नर जन्माला येतात आणि मग वेगळ्या प्रकारची अंडी तयार होतात. जाड कवचाची, खोगिरासारख्या डबीत बंद. ही अंडी चिखलात वर्षानुवर्षं सुकी पडून राहू शकतात. पाणी मिळालं की फुटतात.

सार्सने हेच हेरलं. परदेशातले जीव दारूच्या बाटलीत घालून आणले तर ते आक्रसतात, रंग जातो, काटे तुटतात. त्यापेक्षा चिखलच मागवला तर? जीव आपल्यासमोर जन्माला येईल, वाढेल, पिल्लं देईल. एकाच मादीच्या लेकी-नाती समोर असल्या की कोणता फरक वयाचा, कोणता परिस्थितीचा आणि कोणता जातीचा, हे कळायला लागतं.

पिल्लापासून प्राणी बघण्याचं महत्त्व त्याला आधीच कळलं होतं. लेप्टोडोरा नावाच्या पारदर्शक शिकारी जिवाची उन्हाळी अंडी थेट छोट्या प्रौढासारखी पिल्लं देतात, पण हिवाळा काढलेल्या अंड्यांतून अगदी वेगळ्या रूपाची अळी निघते. एकच जात, दोन बालपणं. हे सार्सने १८७३ साली दाखवून दिलं.

ऑस्ट्रेलियाचा चिखल होता क्वीन्सलँडमधल्या रॉकहॅम्प्टनजवळच्या ग्रेसमेअर तळ्याचा. तिथे नॉर्वेशी नातं असलेल्या आर्चर कुटुंबाची मोठी जमीन होती. याच कुटुंबातल्या कॉलिन आर्चरने पुढे सार्सच्या मेहुण्यासाठी, नान्सेनसाठी, फ्राम हे जहाज बांधलं.

या चिखलातून १८८५ साली सार्सने जाहीर केलेल्या जातींत एक होती डॅफ्निया लुम्होल्ट्झी. क्वीन्सलँडमध्ये फिरलेल्या कार्ल लुम्होल्ट्झ या नॉर्वेजियन प्रवाशाचं नाव तिला दिलं. डोक्यावर लांब टोकदार शिंग, मागे तेवढाच लांब काटा. ही जात भारतातल्या तलावांतही राहते. त्याच चिखलातून सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा आणि डायफॅनोसोमा एक्सायझम या जातीही मिळाल्या. भारतातल्या तलावांच्या अभ्यासात ही नावं सारखी भेटतात आणि त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, सार्स, १८८५.

आणि नागपूर?

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, पण दगड, जीवाश्म आणि प्राणी गोळा करण्यात तेवढेच पटाईत. नागपूर भागातून त्यांनी पाठवलेल्या बारीक कवचधारींचं वर्णन विल्यम बेअर्ड या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ साली केलं. त्यात काही मिलिमीटरचा, दोन शिंपल्यांच्या मध्ये बसलेला एक जीव होता. नाव दिलं एस्थेरिया हिस्लॉपी. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ पाण्यात बुडून गेले, पण नाव राहिलं.

पुढे ग्रेसमेअरच्या चिखलातून सार्सच्या भांड्यात असाच एक शिंपल्यातला जीव वाढला. सार्सने अवयव तपासले आणि ठरवलं की हा बेअर्डने वर्णन केलेलाच नागपुरी जीव आहे. पण जिवंत असल्यामुळे त्याला आणखी एक गोष्ट दिसली. एस्थेरिया गटातले बाकीचे जीव अंडी सोडतात आणि त्यातून अळ्या निघतात. हा मात्र पिल्लं शिंपल्याच्या आतच वाढवतो, अगदी डॅफ्नियासारखा. म्हणजे हा त्या गटातला नाहीच. १८८७ साली सार्सने त्याच्यासाठी नवा गट काढला, सायक्लेस्थेरिया. शिंपला गोलसर म्हणून नावात चक्र आलं.

दारूच्या बाटलीतल्या नमुन्यावरून हे उलगडणं अवघड होतं. आता डीएनए तपासल्यावर दिसतं की सायक्लेस्थेरिया खरंच डॅफ्नियाच्या गोतावळ्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे.

पण एवढ्या बारीक नावांचं करायचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या गावच्या जुन्या विहिरीत आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू विचारा. पायातून दोरीसारखा बाहेर येणारा जंत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी तो भोगलाय. विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या कवचधारीच्या पोटात नारूची अळी असते आणि ते पाणी प्यायलं की ती माणसात येते. म्हणून पाणी फडक्याने गाळून प्या, असा प्रचार गावोगावी झाला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पण सायक्लॉप्स म्हणजे एक जीव नाही. अनेक जातींचं ते एक सरसकट नाव होतं आणि सगळ्याच जाती नारू वाहत नाहीत. १९१४ साली सार्सने या भल्यामोठ्या गठ्ठ्यातून मेसोसायक्लॉप्स हा गट वेगळा काढला. ओळखायची महत्त्वाची खूण म्हणजे पाचव्या पायांची जोडी. हे पाय एवढे खुरटलेले असतात की प्राणी उघडल्याशिवाय धड दिसत नाहीत. त्यांना दोनच सांधे आणि टोकाच्या सांध्याच्या मधोमध आतल्या बाजूला एक काटा.

नारूच्या वाहकांत मेसोसायक्लॉप्स ठळकपणे येतो. आणि गंमत म्हणजे व्हिएतनामच्या गावांत डेंग्यूचे डास रोखायला पाण्याच्या टाक्यांत मुद्दाम सोडला तोही मेसोसायक्लॉप्सच, कारण तो डासांच्या अळ्या खातो. कुठे कोणता जीव आहे आणि तो काय करतो, हे सांगायचं तर आधी त्या काट्याची जागा बघावी लागते.

मग सार्स चुकला की नाही?

दोन्ही. एका पोत्यात भरलेल्या त्या डॅफ्निया पुढे पुन्हा वेगळ्या काढाव्या लागल्या. गॅलिआटा आणि कुकुलाटा या खरंच वेगळ्या जाती आहेत हे जनुकीय तपासणीतही दिसलं, फक्त अधूनमधून त्यांचा आपसात संकर होतो. तिथे सार्सचा डोळा बरोबर ठरला.

उलट नागपूर आणि ऑस्ट्रेलियाचा जीव एकच, हे मात्र आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. अलीकडच्या डीएनए अभ्यासांनुसार जगभर हिस्लॉपी या एकाच नावाखाली बहुधा अनेक जाती लपल्या आहेत, वरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या. ते तपासता येतं, कारण आपण नेमका कोणता जीव, कुठल्या तळ्यातला, कोणत्या अवयवांवरून ओळखला, हे सार्सने चित्रांसकट लिहून ठेवलंय.

नॉर्वेच्या कवचधारींवरचा त्याचा नऊ खंडांचा ग्रंथ १८९० पासून छापला जात होता. तो स्वतः ९ एप्रिल १९२७ रोजी, नव्वदीला अकरा दिवस कमी असताना गेला. शेवटचा खंड पुढच्या वर्षी पूर्ण झाला. नॉर्वेच्या समुद्रसंशोधन जहाजावर आजही त्याचं नाव आहे.

आपल्याकडे मे महिन्यात तळी आटतात, सह्याद्रीच्या सड्यांवरची डबकी कोरडी पडतात. त्या भेगाळलेल्या मातीत अशीच अंडी पडून असतात. पहिला पाऊस झाला की आठवड्याभराने एखाद्या डबक्यातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. काहीतरी उड्या मारताना दिसेल. त्याचं नाव काय, हे सांगायला मात्र सूक्ष्मदर्शक लागेल आणि सार्सएवढा धीर.