मोलोकाईचे संत डेमियन

धर्मग्रामाच्या इतिहासांत देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणीं सजविली, याची नोंद सांपडते. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं कोण बसलें व त्याची जखम कोणीं धुतली, याची नोंद सहसा कोठें होत नाहीं. ती परमेश्वराच्या दप्तरींच राहते. म्हणून ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, ज्यांनीं आपल्या हातांनीं देवळेंहि बांधलीं आणि जखमाहि धुतल्या, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. हे सत्पुरुष म्हणजे मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांचे धर्मगुरु संत डेमियन होत.

बेल्जम देशांतील ट्रेमेलो या खेड्यांत ता. ३ जानेवारी १८४० रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील फ्रान्स डी व्हूस्टर हे शेती व धान्याचा व्यापार करीत. मुलाचें बाप्तिस्म्याचें नांव जोसेफ. घर मोठें श्रद्धाळू. दोन बहिणींनीं मठांत प्रवेश केला व वडील भाऊ लुव्हेन येथें येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या मंडळांत दाखल झाला. जोसेफनें आपला व्यापार पुढें चालवावा, अशी पित्याची इच्छा होती. परंतु १८५९ सालीं तोहि भावाच्याच मंडळांत गेला व तेथें त्यानें डेमियन हें नांव धारण केलें. या नांवाचे प्राचीन हुतात्मे वैद्य होते व रोग्यांकडून द्रव्य घेत नसत, हें वाचकांस ठाऊक असेलच.

१८६३ सालीं त्यांच्या वडील भावाला हवाई बेटांकडे मिशनकार्यासाठीं जाण्याची आज्ञा झाली. परंतु ऐन वेळीं तो आजारानें अंथरुणाला खिळला. तेव्हां डेमियन यांनीं पॅरिस येथील वरिष्ठांना पत्र लिहून भावाच्या जागीं स्वतः जाण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर ता. १९ मार्च १८६४ रोजीं, म्हणजे संत जोसेफच्या सणाच्याच दिवशीं, ते होनोलुलु बंदरांत उतरले. त्याच वर्षीं ता. २१ मे रोजीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढें नऊ वर्षें त्यांनीं हवाई या मोठ्या बेटावर पुना व कोहाला या भागांत सेवा केली. डोंगरदऱ्या तुडवाव्या, लोकांची भाषा शिकावी, सुताराप्रमाणें रंधा व करवत हातीं घेऊन लहानलहान देवळें उभारावीं, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळीं हवाई बेटांत कुष्ठरोगाचा फैलाव झाला होता. आपले वाडवडील ज्याला महारोग म्हणत, तोच हा रोग. १८६५ सालीं तेथील सरकारनें कायदा करून रोग्यांना वेगळें ठेवण्याचें ठरविलें, आणि जानेवारी १८६६ मध्यें रोग्यांची पहिली तुकडी मोलोकाई बेटाच्या एका टोंकावर नेऊन सोडण्यांत आली. तीन बाजूंस खवळलेला समुद्र व चौथ्या बाजूस दोन हजार फुटांहून उंच तुटलेला कडा, अशी ती जागा. तेथें गेलेला परत येत नसे. नवऱ्याला बायकोपासून व लेंकराला आईपासून तोडून तेथें पाठवीत. बिशप मेग्रे यांनीं त्या लोकांची व्यथा आपल्या धर्मगुरूंपुढें मांडली, तेव्हां चौघे तरुण पाळीपाळीनें जाण्यास सिद्ध झाले. पहिली पाळी डेमियन यांची. ता. १० मे १८७३ रोजीं बिशपसाहेबांबरोबर ते कलावाओ येथें उतरले. वय तेहतीस वर्षांचें होतें. राहावयास घर नसल्यामुळें पहिल्या कांहीं रात्री त्यांनीं एका झाडाखालीं काढल्या. तें झाड आपल्या कोंकणांतील केवड्याच्या जातीचें होतें. पाळी संपून दुसऱ्यानें येण्याचा प्रसंग पुढें आलाच नाहीं. ते तेथेंच राहिले.

तेथें त्यांना काय पाहावें लागलें, हें समजण्यासाठीं या रोगाचें स्वरूप थोडें जाणून घेतलें पाहिजे. ज्या १८७३ सालीं ते मोलोकाईला गेले, त्याच सालीं नॉर्वे देशांतील बर्गन शहरीं डॉ. हान्सेन यांना या रोगाचे जंतु दिसले. हे जंतु कातडींत व तिच्या जवळच्या ज्ञानतंतूंत ठाण मांडतात. घोट्याच्या आंतल्या बाजूनें तळपायाकडे जाणारा ज्ञानतंतु निकामी झाला, कीं तळपायाचें स्पर्शज्ञान नाहींसें होतें. घाम न आल्यामुळें कातडी कोरडी पडून भेगाळते. बोटें खालीं वळतात आणि चालतांना शरीराचा भार चवड्याच्या एकाच जागीं पडूं लागतो. निरोगी माणसाला तेथें दुखूं लागतें, म्हणून तो लंगडतो, बसतो, पायाला विसांवा देतो. ज्याला दुखतच नाहीं, तो मात्र चालतच राहतो. आधीं घट्टा पडतो, घट्ट्याखालीं मांस चिरडतें, आणि एके दिवशीं व्रण फुटतो. त्यांत घाण शिरून पू हाडापर्यंत पोहोंचतो. या रोगांत बोटें गळून पडतात, अशी लोकांची समजूत आहे. वस्तुतः तीं गळत नाहींत, तर वारंवार होणाऱ्या जखमांनीं व पुवानें आंतील हाड झिजून बोट आंखूड होत जातें. सारांश, या रोग्यांचे पाय त्यांना दुखत होते म्हणून नासले नाहींत. दुखत नव्हते म्हणून नासले.

असे शेंकडों पाय कलावाओमध्यें होते. कित्येकांच्या झोंपड्यांत कुजलेल्या मांसाची दुर्गंधि इतकी भरलेली असे, कीं आरंभीं फादर डेमियन यांना उलटी आवरणें कठीण जाई. तो वास सुसह्य व्हावा म्हणून ते तंबाखूची चिलीम ओढूं लागले. परंतु घरांत शिरण्याचें त्यांनीं टाळलें नाहीं. ते जखमा धूत, मलम लावीत, स्वच्छ पट्टी बांधीत, आणि मग त्याच माणसाचें पापनिवेदन ऐकत. प्रवचनांत ते आपली गणना पहिल्यापासूनच कुष्ठरोग्यांत करीत; रोगी वेगळे आणि आपण वेगळे, असें ते बोलत नसत.

त्यांच्या सेवेंत केवळ दया नव्हती, व्यवहारज्ञानहि होतें. गांवांत पाण्याची सोय नव्हती; रोग्यांना ओढ्यापर्यंत जाऊन खांद्यावरून पाणी वाहून आणावें लागे. ज्यांचे तळपाय फुटलेले, त्यांनींच दगडगोट्यांतून ओझें घेऊन चालावयाचें! अशानें जखम भरणार कशी, आणि मोजकें आणलेलें पाणी जखम धुण्यासाठीं उरणार कसें? फादर डेमियन यांनीं सरकारकडे नळ मागितले, ते आल्यावर रोग्यांना हाताशीं घेऊन स्वतः खपले आणि वस्तींत पाणी आणलें. एका कामानें जखमांना पाणी मिळालें व पायांना विश्रांतिहि. १८७४ सालच्या वादळानें मोडक्या झोंपड्या उडून गेल्या, तेव्हां जमिनीच्या ओलीपासून उंच अशीं लांकडी घरें बांधण्यांत ते पुढें झाले. अनाथ मुलामुलींसाठीं त्यांनीं आश्रम काढले. देवळांत रोग्यांचें गायनमंडळ तयार झालें. जो मरे त्याची शवपेटी ते बहुधा आपल्याच हातांनीं करीत आणि थडगेंहि खणीत.

अशीं अकरा वर्षें लोटलीं. शेवटच्या दोनतीन वर्षांत त्यांच्या डाव्या पायांत कळा येत व पुढें तो पाय बधिर झाल्यासारखा वाटूं लागला. डिसेंबर १८८४ मध्यें एके दिवशीं दमून आल्यावर त्यांनीं पाय शेकण्यासाठीं गरम पाण्यांत घातले. पाहतात तों कातडीला फोड आलेले. पाणी कढत होतें आणि पायाला तें मुळींच कळलें नव्हतें. जें त्यांनीं शेंकडों पायांवर पाहिलें होतें, तें आतां स्वतःच्या पायावर दिसलें. १८८५ सालीं डॉ. आर्निंग या जर्मन वैद्यांनीं तपासून निदान पक्कें केलें. रोगाचे चट्टे चेहऱ्यावर उमटण्यापूर्वींच पायानें ग्वाही दिली होती.

औषधोपचाराविषयीं ते उदासीन नव्हते. १८८६ च्या जुलैंत ते होनोलुलु येथील काकाआको रुग्णालयांत गेले. डॉ. गोटो या जपानी वैद्यांचे औषधी पाण्याचे स्नानोपचार त्यांनीं घेतले आणि परत येऊन कलावाओच्या रोग्यांसाठींहि तशीं स्नानें सुरू केलीं. १८८८ च्या अखेरीस एडवर्ड क्लिफर्ड नांवाचे इंग्रज चित्रकार त्यांना भेटावयास आले. त्यांनीं सोबत गुर्जन वृक्षाचें तेल आणलें होतें. हें तेल हिंदुस्थान सरकारच्या अंदमान बेटांतील रोग्यांच्या व्रणांवर पूर्वीं वापरलें गेलें होतें. या उपचारांनीं थोडा आराम पडे, रोग मात्र हटला नाहीं.

परमेश्वरानें त्यांना शेवटीं एकाकी ठेविलें नाहीं. १८८६ सालीं जोसेफ डटन हे अमेरिकन सैन्यांतील जुने शिपाई येऊन मिळाले व रोज जखमा बांधूं लागले. १८८८ सालीं फादर कॉनरार्डी आले, आणि नोव्हेंबर महिन्यांत मदर मॅरियन आपल्या दोन भगिनींसह आल्या. डटन यांनीं तेथें चाळीसांहून अधिक वर्षें सेवा केली, तरी त्यांना हा रोग झाला नाहीं. मदर मॅरियन यांनाहि झाला नाहीं. हा रोग सहजासहजीं लागत नाहीं, याची ही मोठी साक्ष होय. ता. १५ एप्रिल १८८९ रोजीं, पवित्र सप्ताहांतील सोमवारीं, एकुणपन्नासाव्या वर्षीं फादर डेमियन यांनीं देह ठेविला. ज्या झाडाखालीं ते पहिल्या रात्रीं निजले, त्याच झाडाखालीं त्यांना मूठमाती देण्यांत आली.

त्यांच्या मरणाचे पडसाद आपल्या देशापर्यंत येऊन पोहोंचले. १८८९ सालींच लंडन येथें त्यांच्या स्मरणार्थ कुष्ठनिवारणाचा निधि उभा राहिला आणि त्या निधींतून १८९० सालीं एक मंडळ हिंदुस्थानांत चौकशीसाठीं आलें. हा रोग फारच अल्प प्रमाणांत संसर्गानें पसरतो, असा निष्कर्ष त्या मंडळानें काढला. त्याच १८९० सालीं मुंबईंत माटुंगा येथें निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम उघडला; तेंच पुढें अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आलें.

फादर डेमियन यांच्या अस्थि १९३६ सालीं बेल्जमला नेण्यांत आल्या. १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्यवादित घोषित केलें आणि ता. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं संतपद दिलें. मदर मॅरियन यांना २०१२ सालीं तोच मान मिळाला. ता. १० मे हा संत डेमियन यांचा सण होय.

आज हा रोग औषधानें पूर्ण बरा होतो. सहा महिने ते एक वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात व त्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. वेळेवर औषध सुरू केलें तर ज्ञानतंतु वांचतात. परंतु एकदां गेलेलें स्पर्शज्ञान बहुधा परत येत नाहीं, म्हणून पायांची काळजी जन्मभर घ्यावी लागते. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४६ पासून पुढें अनेक वर्षें काम करून दाखवून दिलें, कीं असा व्रण केवळ रोगामुळें चिघळत नाहीं, तर त्यावर चालल्यामुळें चिघळतो. आधीं निदान करावें : तळपायाला बारीक नायलॉनचा तंतु टेकवून स्पर्श कळतो का पाहावें, पायाची नाडी लागते का पाहावें, हाडाला पू लागला आहे का तें क्ष-किरणांनीं पाहावें. मग घट्टा व मेलेलें मांस वैद्याकडून काढून घ्यावें, जखम स्वच्छ ठेवावी, आणि पायावरचा भार काढावा. रक्तपुरवठा चांगला असून पू नसेल, तर वैद्य त्यासाठीं प्लास्टरहि घालतात. जखम भरल्यावर आंतून मऊ व तळ टणक अशा वहाणा वापराव्या. भार काढल्यावांचून नुसत्या मलमानें असा व्रण भरत नाहीं.

आणि वाचकहो, ही गोष्ट केवळ कुष्ठरोग्यांची आहे असें समजूं नये. मधुमेहानेंहि पाय असेच बधिर होतात, आणि मधुमेही माणसें आज आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या पायालाहि कांटा रुतलेला कळत नाहीं, वहाणेंतला खडा कळत नाहीं, कढत पाणी कळत नाहीं. जखम दुखत नाहीं म्हणून ती किरकोळ, असें म्हणून दिवस घालवूं नयेत. न दुखणारी जखम हीच अधिक घातक. घरांतील वृद्धांचे तळपाय, बोटांच्या बेचक्यांसह, रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाहावे. स्नानाचें पाणी आधीं दुसऱ्यानें कोंपर बुडवून पाहावें. पाय शेकण्यासाठीं कढत पाणी कधींहि देऊं नये. लहानशी चीर दिसली तरी डॉक्टरांकडे न्यावें.

पवित्र गुरुवारीं प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले, त्याचें स्मरण आपण दरवर्षीं देवळांत करतों. संत डेमियन यांनीं तेंच सोळा वर्षें केलें. ज्या पायांना स्वतःचें दुःख कळत नव्हतें, त्यांचें दुःख त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व हातांनीं निवारिलें. आपल्या आजीच्या किंवा आजोबांच्या पायाशीं बसून त्यांचे तळपाय पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. ही सेवा आजपासून आपल्या धर्मग्रामांतील घरोघरीं सुरू होवो, आणि संत डेमियन यांची विनंती आपणां सर्वांस साह्य होवो.