किनाऱ्यावरच्या कार्सनबाई

रेचल कार्सन हे नाव निघालं की बहुतेकांना डीडीटी आठवतं आणि १९६२ सालचं 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक. मला त्या आठवतात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या गार पाण्यात वाकून उभ्या असलेल्या. १९५५ साली त्यांनी 'द एज ऑफ द सी' लिहिलं. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या शंख-शिंपल्यांचं हे पुस्तक. माझ्या मते आज तेच जास्त बेचैन करतं.

बाई जन्मल्या १९०७ साली, पेनसिल्व्हानियातल्या स्प्रिंगडेल गावी, समुद्रापासून शेकडो मैल दूर. कोळशाचा धूर परिचयाचा, समुद्र फक्त पुस्तकातला. लेखिका व्हायला कॉलेजात गेल्या आणि प्राणिशास्त्राच्या होऊन बसल्या. समुद्र प्रथम पाहिला १९२९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. पुढे मंदी आली, १९३५ साली वडील गेले. घर चालवायला त्यांनी सरकारच्या मत्स्यखात्यात नोकरी धरली. महायुद्धाच्या काळात, गृहिणींनी अनोळखी मासे आणि शिंपले रांधावेत म्हणून त्यांनी सरकारी पुस्तिका लिहिल्या. तिसऱ्यांचं सुकं आवडीने खाणाऱ्या आपल्या कोकणी मंडळींना याची गंमत वाटेल!

१९५१ सालचं 'द सी अराउंड अस' ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिलं. बाईंनी नोकरी सोडली आणि मेनमधल्या साउथपोर्ट बेटावर छोटं घर बांधलं. खडकांमधल्या डबक्यांत त्या इतका वेळ उभ्या राहत की पाय बधिर होत. मग चित्रकार बॉब हाइन्स त्यांना उचलून बाहेर आणत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले जीव त्या आठवणीने पुन्हा समुद्रात नेऊन सोडत.

त्या खडकांवर पेरिविंकल नावाची बोराएवढी समुद्री गोगलगाय असते. खेकड्याचा वास पाण्यात आला की ती आपलं कवच जाड करते. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की पाण्यातलं आम्ल वाढवलं तर तिला हे जमत नाही. शत्रू समोर, आणि चिलखत पातळच.

हे आम्ल येतं कुठून? आपल्या चिमण्यांतून आणि गाड्यांतून. माणूस सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र पितो. त्यापासून आम्ल बनतं आणि कवच बांधायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. औद्योगिक युगात समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. पहिला फटका बसतो तो नुकत्याच जन्मलेल्या, अजून पहिलंच कवच रचणाऱ्या पिलांना.

१९५८ साली बाईंनी 'सायलेंट स्प्रिंग'चं काम हाती घेतलं. त्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. शेतात टाकलेलं विष शेतात थांबत नाही, हे त्यांनी जगाला पटवलं. धुराचंही तसंच होतं, हे मोजून सिद्ध व्हायला पुढची कित्येक वर्षं लागली. तेवढी वर्षं त्यांच्याकडे नव्हती. पुस्तक लिहितानाच त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. रासायनिक कंपन्या तुटून पडल्या, तरी १९६३ साली आजार लपवून त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. एप्रिल १९६४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, त्या गेल्या. अर्धी रक्षा मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांनी साउथपोर्टच्या खडकांवरून समुद्रात सोडली.

तिथून नैर्ऋत्येला, त्याच किनाऱ्यावर कॅस्कोचा उपसागर आहे. ओहोटीला चिखल उकरून शिंपले काढणाऱ्यांची तिथे मोठी वस्ती. शिंपले घटले त्याला हिरवे खेकडेही कारण आहेत, सगळा दोष आम्लाचा नाही. पण तिथल्या आंबट चिखलात कोवळ्या पिलांची कवचं विरघळतात, हे संशोधकांना दिसलं. मग त्यांनी प्रयोग म्हणून रिकाम्या शिंपल्यांचा चुरा चिखलात मिसळला. त्या वाफ्यांत पिलं जास्त रुजली.